बारीक टाइपातली शपथ

कलमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चांगलं चारचौघांसारखं नाव ठेवलं होतं, पण चष्मेवाल्यांच्या संघात ते कुणाला आठवेल तर शपथ. बोलता बोलता हा गृहस्थ मध्येच बोट वर करायचा आणि विचारायचा, "घटनेतलं कलम काय सांगतं?" चहा उशिरा आला तरी कलम, सभेत कुणी डुलकी काढली तरी कलम. शेवटी कुणीतरी वैतागून ओरडलं, "बसा हो कलमराव!" आणि ते नाव असं काही चिकटलं, की फोनवर बायकोलाही लोक विचारू लागले, "कलमरावांचं दुकान ना?" ती म्हणायची, "हो, आणि मी त्यांचं पोटकलम. बोला."

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट जागा. पुढे काचेचं कपाट, त्यात फ्रेमा. मग आरसा, ज्यात गिऱ्हाईक आपलं थोबाड इकडून तिकडून बघत तास घालवतं आणि शेवटी पहिलीच फ्रेम घेतं. मागे काळ्या पडद्याआड नंबर काढायची खोली. जागा पुरेना, म्हणून अक्षरांची पाटी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलटी लावलेली आणि समोर आरसा, म्हणजे आरशात ती सुलटी आणि दुप्पट लांब दिसायची. पुढे बायको फ्रेमा विकायची, मागे हे नंबर काढायचे. तिची जीभ चालायची म्हणून दुकान चालायचं. हे त्यांनाही ठाऊक होतं, पण कबूल करायला कुठलं कलम सापडत नव्हतं.

माणूस वाईट नव्हता हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल, आणि घालायलाच हव्यात. पण सरळमार्गी म्हणून ज्याचं नाव घ्यावं असा हा माणूस. चोरानं चोरी केली तर आपल्याला राग येतो. कुलूप बनवणाऱ्यानं केली तर ऐकणाऱ्यालाच कानकोंडं होतं.

तर कुलूप त्यांनी कसं बनवलं ते ऐका. संघाच्या एका निवडणुकीत सगळी अब्रू वेशीला टांगली गेली होती. एका उमेदवारानं सभासदांना जेवणावळी घातल्या. दुसऱ्यानं घरोघरी फ्रेमांचे डबे वाटले. एकानं उठवलं, की अमका साधं प्लॅस्टिक भारी काच म्हणून खपवतो. अमक्यानं उलट उठवलं, की तमक्याची बायको त्याला सोडून गेली. ती बिचारी आईच्या आजारपणाला गेली होती. मतदानाच्या दिवशी खुर्च्या उडाल्या. एवढे चष्मेवाले एका खोलीत, आणि घरी जाताना निम्म्यांचे चष्मे फुटलेले!

तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, की प्रचाराची आचारसंहिता हवी आणि ती लिहायची कलमरावांनी. दुसरं कोण लिहिणार? त्यांनी ती जीव ओतून लिहिली. गिऱ्हाईक नसलं की लिहीत, असलं की मनात जुळवत. उमेदवारानं कुणाला जेवू घालायचं नाही. भेटवस्तू द्यायची नाही, काच पुसायचं फडकंसुद्धा नाही. संघाच्या पत्रिकेत सगळ्यांना सारखी जागा. गिऱ्हाइकांसमोर प्रचार नाही. आणि ज्याचा त्यांना सगळ्यात अभिमान होता ते कलम असं: प्रतिस्पर्ध्याचं वैगुण्य, आजारपण किंवा घरची गोष्ट याबद्दल सभेत वा सभेबाहेर अवाक्षर काढायचं नाही.

शेवटी शपथ. प्रत्येक उमेदवारानं मतदानाआधी व्यासपीठावर उभं राहून ही सगळी कलमं मोठ्यानं वाचायची. कागद सगळ्यांना तिथेच, एकाच वेळी मिळणार. कुणीतरी म्हणालं, नुसती सही घेतली तर नाही का चालणार? कलमराव म्हणाले, "सही माणूस न वाचताही करतो. मोठ्यानं वाचताना खोट्या माणसाची जीभ अडखळते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं घरी ऐकून म्हटलं, "हे मात्र लाखातलं बोललात." ती सहसा असं म्हणत नसे.

आता दादा. दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं दुकान, ह्यांच्या चौपट. कलमराव काच घासायला शिकले ते दादांच्याच दुकानात, आणि बायको मिळाली तीही तिथूनच. डबा द्यायला यायची. दादा वयानं मोठे, धंद्यानं मोठे, तरी यांना कधी एकेरी हाक नाही. "जावईबापू" म्हणायचे, थोडं चिडवत, थोडं मानानं. संघात ते वर्षानुवर्षं राबले होते. पण अध्यक्ष कधी झाले नव्हते. दरवेळी दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढे करायचे.

एका दुपारी दादा दुकानात आले. बहिणीला म्हणाले, "जरा कोपऱ्यावरून चहा घेऊन ये गं, तुझ्या हातचा नको, साखर चोरतेस." ती हसत बाहेर पडल्याबरोबर पडद्याआड येऊन खुर्चीत बसले.

"बघा हो जावईबापू, किती दिसतंय."

कलमरावांनी डावा डोळा झाकला. दादा आरशाकडे बघत राहिले. मग मान किंचित वळवली, जशी कोपऱ्यातून कुणाची चाहूल घ्यावी. "पाटी दिसते. मधली अक्षरं पुसलीत."

कलमरावांनी चौकटींच्या रेघांचं कार्ड पुढे धरलं. "रेघा सरळ दिसतात?"

"पाण्यात पडल्यासारख्या वाकल्यात," दादा म्हणाले. "घाबरू नका. मोठ्या डॉक्टरांना दाखवून आलोय. डोळ्याच्या पडद्याची झीज. उजवा गेल्यातच जमा, डावाही त्याच वाटेनं निघालाय. डोळ्यात सुया घेतोय, टिकेल तेवढा टिकेल. डाव्यावर नक्की किती वाचता येतं तेवढं नीट मापून द्या. आणि कुणाला बोलू नका. पोरगी शिकून येईपर्यंत दुकान उघडं राहायला हवं. न दिसणाऱ्या चष्मेवाल्याकडे कोण कशाला येईल?"

"आणि हिला?"

"तिला तर मुळीच नाही. रडून गाव गोळा करेल."

कलमरावांनी वाचनाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. हे कार्ड तुम्हीही कधी तरी हातात धरलं असेल. वर ठसठशीत अक्षरांचा परिच्छेद, मग खाली खाली परिच्छेद बारीक होत जातात, आणि प्रत्येकाशेजारी आकडा. तो आकडा म्हणजे छापखान्यातल्या टाइपाचाच आकडा. अठराचा परिच्छेद अठराच्या टाइपात, आठचा आठच्या. डोळे तपासणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं माप एकच. दादांनी अठरा वाचला, चौदा वाचला, बारा रखडत वाचला. दहाला थांबले. आठकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"बारा," कलमराव म्हणाले. त्यांनी दादांचा हात हातात घेऊन वचन दिलं, कुणाला बोलणार नाही म्हणून. आणि ते पाळलं. एक शब्द बाहेर पडू दिला नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यांनी याच वचनाच्या आड तोंड लपवलं.

निवडणूक लागली. या खेपेला दादांनी स्वतःच सांगितलं, आपण अध्यक्षपदाला उभे राहणार. कलमरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "ही एकच खेप. डोळे आहेत तोवर एकदा त्या खुर्चीत बसतो. पुढच्या वेळी तुम्ही. तुमचं नाव मी सुचवणार."

"अगदी, दादा," कलमराव म्हणाले, आणि घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही. आचारसंहिता कुणी लिहिली? यांनी. भांडणं कुणी मिटवली? यांनी. येता जाता लोक "तुम्हीच व्हा अध्यक्ष" म्हणत, आणि लोक असं सगळ्यांनाच म्हणतात हे कलमरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. शिवाय आत एक जुनी सल होती. सगळं आयुष्य दादांच्या हाताखाली शिकलेला, दादांच्या घरचा जावई, जे काही आहे ते दादांच्यामुळे. एकदा तरी आपलं काहीतरी स्वतःचं असावं! अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ते गेले आणि भरून आले.

"दादाच्या विरोधात?" बायकोनं हातातली फ्रेम खाली ठेवली.

"विरोधात नाही गं. समोर."

"समोर म्हणजे काय मांडीला मांडी लावून?"

दादा मात्र मोठ्यानं हसले. "उभे राहा की! खुर्ची घरातून बाहेर जात नाही म्हणजे झालं." आणि खरंच, असा स्वच्छ प्रचार संघानं कधी पाहिला नव्हता. दोघं कधी कधी एकाच दुकानात बरोबर जात, आणि दुकानदार बुचकळ्यात पडायचा, की पाणी आधी कुणाला द्यावं. पण कलमरावांना दिसत होतं ते दिसत होतं. लोक त्यांच्याशी नियमांबद्दल बोलत आणि दादांच्या खांद्यावर हात टाकत. मतं कुणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग तो छापखान्यातला दिवस. शपथेचा कागद छापून आणायचं काम चिटणिसांनी यांच्याच गळ्यात घातलं. चिटणीस म्हणजे जुने, आळशी, गोड बोलणारे. "तुमचंच लेकरू आहे, तुम्हीच बाळसं द्या." हेही कुणाला वावगं वाटलं नाही. कलमरावांवर कोण शंका घेणार?

छापखानेवाल्यानं मजकूर पाहिला आणि विचारलं, "टाइप कुठला? सोळा घालू?"

साधा प्रश्न होता. रोज दहा जणांना विचारत असेल. कलमरावांनी तोंड उघडलं, आणि ते सोळाच म्हणणार होते, खरंच म्हणणार होते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते कार्ड आलं, बाराशी रखडलेले दादा आले, आणि तोंडातून निघालं, "आठ."

"आठ? औषधाच्या बाटलीवर छापतात तसं?"

"सगळी कलमं एका पानावर बसायला हवीत. कागद वाचतो."

बाहेर येऊन ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मनाशी म्हणाले, आपण कुणाला काही सांगितलं का? नाही. वचन मोडलं का? नाही. आठचा टाइप काय जगावेगळा आहे? आणि खरं बोलायचं तर ज्याला कागद वाचता येत नाही त्यानं चष्मेवाल्यांच्या संघाचं अध्यक्ष व्हावं का? संघाच्या भल्याचा प्रश्न आहे. त्यांनी आपली कलमं एकेक करून मनात तपासली. एकही मोडत नव्हतं. मग पाऊल पुढे का पडत नव्हतं? अहो, ज्याला स्वतःची सफाई देण्यासाठी रस्त्यात उभं राहून सगळी आचारसंहिता घोकावी लागते, त्याला उत्तर ठाऊकच असतं! तेव्हाच मागे फिरून छापखान्यात गेले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

छापलेला गठ्ठा आणायला बायको गेली, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं. येऊन तिनं वरचा कागद डोळ्यांशी धरला. "अहो, हे काय? मुंग्या सांडल्यासारखं दिसतंय."

"कागद वाचतो."

"तुम्ही कधीपासून कागद वाचवायला लागलात?" ती म्हणाली. पण तेवढ्यात कुणीतरी नाकावर घसरणारी फ्रेम घेऊन आलं आणि ती तिकडे वळली.

सभा दुपारची. हॉल भरला होता. मागच्या खुर्च्यांवर घरची माणसं. त्यात बायको, इस्त्रीची साडी नेसून, नवऱ्यालाही आणि भावालाही दिसेल अशी बसलेली. चिठ्ठीत पहिला नंबर कलमरावांचा निघाला. दोन्ही उमेदवारांच्या हातात कागद दिले गेले. कलमरावांनी आपला चष्मा नाकावर सारखा केला आणि घडाघडा वाचलं. वैगुण्याच्या कलमाशी आले तेव्हा त्यांचा आवाज चढला. जीभ अडखळली नाही. खोट्या माणसाची अडखळते म्हणे!

दादा उठले. कागद समोर धरला. मग थोडा डावीकडे. मग मान वळवून, हनुवटी उचलून, भिंतीजवळच्या कुणाकडे बघावं तसं बघत कागद उजेडाकडे नेला. ओठ हलले, शब्द आला नाही. एक हात खिशाकडे गेला. खिशात भिंग होतं, कलमरावांना माहीत होतं. तो हात तिथेच थबकला आणि परत आला.

दुसऱ्या कुठल्या सभेत लोकांना वाटलं असतं, म्हातारबा चष्मा घरी विसरले. पण इथला प्रत्येक माणूस रोज हेच बघून पोट भरत होता. ती वळलेली मान, ती कोपऱ्यातली नजर, तो खिशाशी थांबलेला हात. हॉलभर एकेका चेहऱ्यावर ते उमटत गेलेलं कलमरावांनी व्यासपीठावरून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. कुणाची तरी खुर्ची करकरली.

अजून वेळ होती. उठून एवढंच म्हणायचं होतं, "दादा, मी वाचतो, तुम्ही मागून म्हणा." दोन पावलांवर तर उभे होते ते. कलमराव खुर्चीच्या कडा धरून बसून राहिले. उठले नाहीत. या माणसाचं एवढं सगळं सांगतोय, पण माझ्या मनात घर करून आहे ते हेच, की तो तेव्हाही उठला नाही.

दादांनी कागदाची घडी घातली. "मला हे वाचता येत नाही," ते म्हणाले. आवाज साधा होता. "तुम्ही सगळे धंद्यातले आहात, काय ते तुम्हाला दिसलंच. कागदावर जे असेल ते मला मान्य आहे. लिहिणाऱ्यावर माझा भरवसा आहे." आणि खाली बसले.

कलमराव भरपूर मतांनी निवडून आले. कुणी दादांना वाईट म्हणालं नाही. उलट सगळे हळहळले, आणि हळहळत हळहळत त्यांनी मतं इकडे टाकली. पहिलं अभिनंदन दादांनी केलं. हात पुढे केला तो जरा बाजूला गेला. कलमरावांनी आपला हात सरकवून तिथे नेला.

घरी येईपर्यंत बायको बोलली नाही. ही बाई, जी झोपेतही बोलायची! दाराशी कुलूप काढताना म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"दादांनीच वचन घेतलं होतं गं, तुला सांगू नको म्हणून..."

"ते नाही विचारत मी. टाइपाचं विचारतेय."

कलमराव पायरीवरच चपला काढत राहिले.

"माझ्या हातानं आणला तो गठ्ठा," ती म्हणाली. "भावाच्या पायात घालायचा दगड मीच वाहून आणला. आणि बघून, विचारून, फ्रेम विकायला निघून गेले. मला तुमची नाही, माझी लाज वाटते." तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिनं आत जाऊन दिवा लावला आणि ताट वाढलं.

त्यानंतर तिनं भांडण असं काढलं नाही. फक्त त्यांना "लाखातलं बोललात" म्हणणं सोडाच, चिडवणंही बंद केलं. फोनवर कुणी कलमरावांचं दुकान का विचारलं की नुसतं "हो" म्हणायची.

आणि दादांची गिऱ्हाइकं इकडे येऊ लागली. बातमीला काय पाय लागतात? बाजार एकच. एक आजीबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना आता दिसत नाही म्हणे. तुम्ही त्यांच्याच घरातले, म्हटलं दुसऱ्या कुणाकडे कशाला जा?" कलमरावांनी त्यांचा नंबर काढला, आणि पडद्याआड एकटेच उभे राहिले. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. दादांची लेक शिक्षण अर्धवट टाकून येते म्हणत होती. दादांनी तिला दटावून परत पाठवलं आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवू लागले.

शेवटी कलमराव चिटणिसांकडे गेले. म्हणाले, "मी राजीनामा देतो. माझ्याकडून आचारसंहितेचा भंग झालाय."

"कोणतं कलम मोडलंत?" चिटणिसांनी हसत विचारलं.

"टाइप मी मुद्दाम बारीक घेतला. दादांना वाचता येणार नाही हे ठाऊक असून."

चिटणिसांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "टाइपाबद्दल कुठं काय लिहिलंय? उगाच मनाला लावून घेता. मेहुण्याचं दुःख आहे, समजतं आम्हाला. डोक्यात राख घालून घेऊ नका." आणि चहा मागवला. कलमरावांनी घरी येऊन आपलीच आचारसंहिता पुन्हा चाळली. स्वतःला दोषी ठरवायला एक कलम सापडेना. एवढी काळजी घेऊन लिहिलेली, आणि त्यात लिहिणाऱ्यासाठीच फट राहिली होती.

मग पहिल्याच सभेत त्यांनी नवा नियम मांडला: यापुढे संघाचा कुठलाही कागद अठराच्या टाइपापेक्षा लहान छापायचा नाही. हॉल टाळ्यांनी दणाणला. मागून कुणीतरी गहिवरून म्हणालं, "काय हळवा माणूस आहे! घरच्या दुःखातून सगळ्यांचा विचार केला." टाळ्या थांबेनात. कलमराव टेबलाकडे बघत बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं का म्हणतात ते त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यानंतर एकदा सकाळी दुकान उघडायला आणि दादा यायला एकच गाठ पडली. बहिणीनं हात धरून पायरी चढवली. दादांनी हात सोडवून घेतला. "चहा सांग गं. आता तुझ्याच हातचा चालेल, लपवायचं काही राहिलं नाही." ती मात्र बाहेर गेली नाही. काउंटरशीच उभी राहिली.

दादा पडद्याआड येऊन खुर्चीत बसले. "मापा बघू जावईबापू. किती उरलंय ते कळू दे."

कलमरावांनी भिंगांची पेटी उघडली आणि तशीच धरून राहिले. "दादा," ते म्हणाले, "तो कागद..."

"आठचा होता ना?"

कलमरावांनी भिंगांची पेटी मिटवून टेबलावर ठेवली.

"हातात घेतल्याबरोबर कळलं," दादा म्हणाले. "अक्षर दिसलं नाही, पण कितीचं दिसत नाही हे मला कळतं. जन्मभर तेच तर केलं. माझं माप तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं."

"मग तिथेच का नाही बोललात?" कलमरावांचा आवाज फुटला. "सगळ्यांसमोर माझी लायकी काढायची होतीत! लोकांनी मला जोड्यानं मारलं असतं, बरं झालं असतं!"

"कसं बोलणार?" दादा म्हणाले. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "प्रतिस्पर्ध्याचं वैगुण्य सभेत काढायचं नाही. तुमचंच कलम. मला वाचता आलं नाही, पण पाठ होतं."

पडद्याबाहेर बायकोच्या बांगड्या वाजल्या, मग थांबल्या. कलमराव खाली मान घालून उभे राहिले. एवढी कलमं लिहिली, पण ती आपण नुसती कागदावर पाळली आणि ज्याला ती वाचता आली नाहीत त्यानं मनापासून पाळली, हे त्यांच्या इतकं आत गेलं, की माफी मागायलाही तोंड उरलं नाही. त्यांनी "दादा" एवढंच दोनदा म्हटलं.

"राहू दे. पुढचं काम करा," दादा म्हणाले.

कलमरावांनी उजवा डोळा झाकला, दिवा जवळ ओढला आणि वाचनाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. दादांनी मान वळवली आणि वरून सुरुवात केली. अठरा वाचला. चौदा वाचला. बाराशी रखडले, वाचला. मग कार्ड खाली केलं.

"इथपर्यंत," ते म्हणाले. "पण ते तुम्हाला ठाऊकच आहे."